पायऱ्या मोजणाऱ्या ब्लॉगला मॉरिशसचं आमंत्रण

मॉरिशसच्या सहलीबद्दल लिहिल्यापासून प्रवासलेखन सुरू करू पाहणारी मुलं-मुली मला पहिला प्रश्न एकच विचारतात, ‘ताई, तेव्हा तुमचे फॉलोअर्स किती होते?’ मी आकडा सांगते आणि समोरच्याचा विश्वास बसत नाही. निवड झालेल्या नऊ जणांत माझा आकडा शेवटून दुसरा होता. म्हणून ही सगळी हकीकत सविस्तर लिहायची ठरवली. ब्लॉग लिहून बेटावर जायला मिळतं, हे खरं आहे. पण ते कशामुळे मिळतं आणि मिळाल्यावर नेमकं काय करावं लागतं, याबद्दल नवीन लोकांच्या मनात बराच गोंधळ दिसतो.

माझा ब्लॉग आईच्या गुडघ्यांमुळे सुरू झाला. तिला फिरायची हौस भारी, पण पायऱ्या चढवत नाहीत. कुठेही जायचं ठरलं की मी माहिती शोधायचे आणि सगळीकडे सारखीच वाक्यं सापडायची, ‘निसर्गरम्य परिसर’, ‘थोडीशी चढण’. थोडीशी म्हणजे किती? एकदा अशाच ‘थोड्याशा’ चढणीवर आई मध्येच बसली आणि आम्ही वरचं काहीही न बघता परतलो. त्या रात्री मी पहिला लेख लिहिला. त्यात पायऱ्यांचा आकडा होता, कठडा कुठून कुठपर्यंत आहे ते होतं, सावलीत बसायला जागा कितव्या वळणावर आहे ते होतं, स्वच्छतागृह कमोडचं आहे की नाही तेही होतं. पुढची चार वर्षं मी हेच लिहिलं. जिथे गेले तिथे मोजलं. वाचक फार नव्हते, पण जे होते ते लेख छापून घेऊन प्रवासाला जायचे आणि परतल्यावर ‘तुमच्या आकड्यापेक्षा तीन पायऱ्या जास्त निघाल्या, दुरुस्त करा’ असं कळवायचे. मी दुरुस्त करायचे आणि खाली तारीख टाकायचे.

मॉरिशसच्या पर्यटनाच्या प्रचारासाठी वेगवेगळ्या भाषांत लिहिणाऱ्यांना बोलावणार आहेत, हे मला एका ओळखीच्या लेखिकेकडून कळलं. अर्जात तीन गोष्टी मागितल्या होत्या: तीन लेखांच्या लिंक, वाचकांची आकडेवारी, आणि ‘इथे आलात तर काय लिहाल’ यावर तीनशे शब्द. त्याआधी दोन ठिकाणी माझे अर्ज नाकारले गेले होते. ते जुने अर्ज पुन्हा काढून वाचले तेव्हा कारण स्पष्ट दिसलं. दोन्हीत मी स्वतःबद्दलच लिहिलं होतं, मला प्रवासाची किती ओढ आहे, समुद्र किती आवडतो वगैरे. ती ओढ अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच असते. वाचणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही.

या वेळी तीनशे शब्दांत मी बेटाबद्दल लिहिलं. सत्तरीच्या बाईला मॉरिशस बघायचं असेल तर ती काय बघू शकेल, हा एकच प्रश्न घेतला. पाँप्लमूसची वनस्पतिबाग सपाट आहे, तिथे ती तासभर रमेल. ल मोर्नच्या डोंगरमाथ्यावर ती जाणार नाही, पण खालच्या किनाऱ्यावरून तो ५५६ मीटरचा कातळ पूर्ण दिसतो. राजधानी पोर्ट लुई ते क्युर्पीप मेट्रो आहे, तर मोटार न घेता तिला किती फिरता येईल, हे मला प्रत्यक्ष जाऊन तपासायचं आहे, असं लिहिलं. म्हणजे जायच्या आधीच बेटाचा अभ्यास केला आणि त्यात काय तपासायचं राहिलंय ते सांगितलं. निवड करणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं की बाकीच्या बऱ्याच अर्जांत बेटाचं नाव बदलून दुसरं घातलं असतं तरी चाललं असतं. नवीन माणसाने माझ्याकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर मी हीच सांगेन. बोलावणारा जे विकत घेतो तो तुमच्या वाचकाचा तुमच्यावरचा विश्वास असतो, आणि तो विश्वास एखाद्या छोट्या, नेमक्या विषयावरच साठतो.

आकडेवारीबद्दल थोडक्यात. एका पानात मावेल इतकीच द्या. महिन्याला किती जण वाचतात, कुठून वाचतात, लेखावर सरासरी किती वेळ थांबतात, आणि वाचकांची दोन-तीन पत्रं. आकडे फुगवू नका. शेवटच्या फेरीत आम्हा सगळ्यांकडून वाचकसंख्येच्या विश्लेषणाचे स्क्रीनशॉट मागवले होते आणि तिथे दोन जण गळले.

निवडीचं पत्र आल्यावर सगळ्यात आधी आनंद होतो आणि माणूस लगेच ‘हो’ कळवून टाकतो. तिथे थांबा. मीही एका जुन्या अनुभवामुळेच थांबले. काही वर्षांपूर्वी एका निवासस्थानाने मला दोन रात्री राहायला बोलावलं होतं. कागदावर काहीच नव्हतं. मी दिलेले फोटो त्यांनी पुढे दोन वर्षं जाहिरातींत वापरले. माझं नाव नाही, मोबदला नाही, आणि विचारायला गेले तर ‘तुम्ही दिलेच होते ना’ असं उत्तर. त्यात त्यांची चूक होती असं मला आजही वाटतं, पण लिहून न घेण्याची चूक माझी होती.

म्हणून मॉरिशसच्या वेळी मी बसून प्रश्नांची यादी केली. विमानाचं तिकीट, विमा, सामानाचं जास्तीचं वजन, जेवण, प्रवेश तिकिटं, यातलं काय तुमच्याकडे आणि काय माझ्याकडे? उड्डाण रद्द होऊन एक रात्र जास्त राहावं लागलं तर खर्च कोणाचा? लेख किती, किती दिवसांत? फोटो किती, ते कुठे वापरणार आणि किती काळ? न संपादलेले मूळ फोटो मागणार का? लेख प्रसिद्ध करण्याआधी तुम्हाला दाखवायचा का, आणि दाखवला तर तुम्ही त्यात काय बदलू शकता? ड्रोन उडवायचा असेल तर परवानगी कोण काढणार? आणि सहा दिवसांत मोकळे तास किती?

शेवटचे तीन प्रश्न नवीन लोक विचारत नाहीत, आणि पुढे त्यांचाच त्रास होतो. माझ्या करारात आम्ही असं ठरवलं की लेख आधी दाखवायचा, पण बदल सुचवायचा तो फक्त तथ्याच्या चुकीपुरता, मताला हात लावायचा नाही. फोटो एक वर्ष, नावासकट. पाच लेख, पंचेचाळीस दिवसांत. हे सगळं ईमेलवर, सभ्य भाषेत, दोन दिवसांत ठरलं. प्रश्न विचारल्यामुळे आमंत्रण मागे घेतलं गेलं, असं माझ्या ओळखीत आजवर कोणाचं झालेलं नाही. उलट, समोरच्याला कळतं की हा माणूस हे काम म्हणून करतोय. कराचा मुद्दाही इथेच येतो. फुकट मिळालेली सहल बऱ्याच देशांत कर खात्याच्या लेखी मोबदला धरली जाऊ शकते, तेव्हा निघण्याआधी आपल्या कर सल्लागाराला विचारून ठेवा.

जायच्या आधी तीन आठवडे मी वाचत होते. बेटं फोटोत सगळी सारखी दिसतात: निळं पाणी, पांढरी वाळू, माड. फरक इतिहासात आणि वाऱ्यात असतो. मॉरिशस साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. ज्वालामुखीतून वर आलेलं, आणि जवळजवळ सगळ्या बाजूंनी प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं. म्हणूनच किनाऱ्याजवळचं पाणी इतकं शांत असतं. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा. त्या काळात आग्नेयेचे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर आदळतात आणि पश्चिम किनारा त्यामानाने आडोशाला राहतो. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा, आणि वादळांचा मोसम. मधल्या पठारावर, क्युर्पीपकडे, किनाऱ्यापेक्षा गारवाही जास्त आणि पाऊसही. हे माहीत असल्यामुळे मी पातळ रेनकोट घेतला होता. त्रू ओ सेर्फ या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर आम्ही उभे असताना सर आली तेव्हा गटातल्या बाकीच्यांची धावपळ झाली.

आणखी एक तयारी फक्त आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांची. तिथली गावांची नावं फ्रेंच वळणाची आहेत. रोमी अक्षरं वाचून देवनागरीत उतरवली तर भलतंच काही तयार होतं. ज्या गावाला तिथले लोक माएबूर म्हणतात त्याचं मराठीत मी ‘महेबर्ग’ झालेलं पाहिलंय. मी वहीत नावांची यादी करून नेली आणि पहिल्याच दिवशी मिनीबसच्या ड्रायव्हरला एकेक नाव उच्चारायला लावलं. दोनदा, तीनदा. तो हसत होता, पण न कंटाळता सांगत होता. शामारेल. ल मोर्न. इल ओ झेग्रेत. वाचक तुमचा लेख वाचून तिथे बसमध्ये चढणार असेल तर त्याला तोंडाने उच्चारता येईल असं नाव देणं ही आपली जबाबदारी आहे.

गटाने फिरणं हा वेगळाच अनुभव. नऊ लेखक, आयोजकांच्या दोघी, आणि सकाळी साडेसातपासून रात्री नऊपर्यंत आखलेला दिवस. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट मुक्कामी गेलो. तिथे स्वागत, जेवण, भाषण झालं. यातलं काहीही लेखात येण्यासारखं नसतं, पण यात तास जातात. दुसऱ्या दिवसापासून लक्षात आलं की नऊ माणसं एकाच जागी एकाच वेळी उतरली की नऊ जणांकडे तोच फोटो असतो. शामारेलच्या सात रंगांच्या मातीपाशी हे फार जाणवलं. बेसॉल्टचा खडक झिजून झिजून त्याची माती झाली. त्यातले लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे घटक वेगवेगळे रंग धरतात आणि तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत छटा दिसतात. तिथे कठड्याशी आमची रांगच लागली. संध्याकाळी सगळ्यांचे फोटो पाहिले तर काहींनी रंग इतके चढवले होते की ती जागा मी ओळखली नसती. मी माझ्या फोटोत रंग वाढवले नाहीत. डोळ्यांना दिसतात त्या छटा फिक्याच आहेत, आणि सुंदर आहेत. फोटो पाहून गेलेला माणूस तिथे उभा राहून ‘एवढंच?’ म्हणाला, तर पुढच्या वेळी तो माझं ऐकणार नाही.

त्या गर्दीतून बाहेर पडायला मी एक सोपी सवय लावून घेतली. बसमधून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा काढायचाच नाही. बाकीचे पुढे जातात, मी मागे राहून जागा बघते. तिकीटघर कुठे, उतार केवढा, कोण काम करतंय, कशाचा वास येतोय. पाँप्लमूसच्या बागेत याचाच उपयोग झाला. सगळे त्या प्रसिद्ध तळ्याकडे गेले, जिथे परातीएवढी आणि त्याहूनही मोठी, कडा वर वळलेली कमळपानं तरंगत असतात. ते गेल्यावर मी तिथल्या एका माळ्याशी बोलत उभी राहिले. या कमळाचं फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत गुलाबी होतं आणि मग पाण्याखाली जातं, हे त्याने मला मिटलेल्या फुलाकडे बोट दाखवून सांगितलं. म्हणजे एकच तळं, एकच रोप, आणि आज गेलेल्याला पांढरं दिसेल, उद्या गेलेल्याला गुलाबी. माझ्या लेखाची सुरुवात मला तिथे मिळाली. आणि हो, बागेतल्या वाटा आईला चालतील अशाच आहेत. बाकांमधलं अंतर मी पावलांनी मोजलं.

कॅमेऱ्याबद्दल दोन गोष्टी अनुभवाने शिकले. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर बाष्प धरतं, बाहेरून आणि कधीकधी आतूनही. आम्ही सकाळी डॉल्फिन बघायला बोटीने निघालो, डॉल्फिन आले आणि माझ्या भिंगावर नुसतं धुकं. ते विरेपर्यंत ते निघून गेले. आता मी कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर नेते आणि अर्धा तास तशीच ठेवते, म्हणजे तो हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो. दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. ‘पोचून निवांत जागा शोधू’ म्हणाल तर अंधार झालेला असतो. आणि फोटोंच्या प्रती रोज रात्री करा, तीन ठिकाणी. आमच्यातल्या एकाचं कार्ड तिसऱ्या दिवशी बिघडलं आणि त्याचा त्या दिवसाचा एकही फोटो उरला नाही. पुढचे दोन दिवस त्याचं मन कशात लागत नव्हतं.

माएबूरजवळचं इल ओ झेग्रेत हे बेट आमच्या वेळापत्रकात फक्त दीड तासाचं होतं. मला विचाराल तर सगळ्या सहलीतला सर्वांत मोलाचा दीड तास तोच. जेमतेम २६ हेक्टरचं हे प्रवाळखडकाचं बेट आता राखीव आहे आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन त्याची देखभाल करतं. माणसाने काय घालवलं आणि कष्टाने काय परत आणलं, दोन्ही तिथे एकाच पायवाटेवर दिसतं. डच १५९८ मध्ये या भूमीवर आले आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच डोडो पक्षी संपला. मूळची महाकाय कासवंही संपली. आता तिथे सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाहून आलेल्या जातीची कासवं आणून सोडली आहेत. ती एबनीच्या (आबनूसच्या) झाडाची फळं खातात आणि बी दूरवर टाकतात, म्हणजे गेलेल्या कासवांचं काम पाहुणी कासवं करतात. गुलाबी कबुतर मी अगदी जवळून पाहिलं. १९९० च्या सुमारास जंगलात अशी कबुतरं जेमतेम दहाच्या आसपास उरली होती. मॉरिशसच्या केस्ट्रेल पक्ष्याची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. १९७४ मध्ये जंगलात या छोट्या शिकारी पक्ष्याचे फक्त चार जीव माहीत होते. तिथून ती जात माणसांनी परत आणली.

वाट दाखवणाऱ्या मुलीला मी २५ जुलै २०२० बद्दल विचारलं. त्या दिवशी ‘वाकाशिओ’ नावाचं मालवाहू जहाज जवळच्याच प्रवाळकड्यावर चढलं आणि पुढे त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. हे आमच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. ती क्षणभर थांबली, आणि मग बराच वेळ बोलली. लोकांनी उसाचा पाचोळा पोत्यांत भरून तेल अडवायला तरंगते बांध कसे केले, या बेटावरचे काही पक्षी आणि रोपं घाईने कशी हलवली, हे सगळं तिने सांगितलं. गटातले एक-दोघं नंतर मला म्हणाले, ‘पाहुणे म्हणून आलोय, हे कशाला काढायचं?’ मला ते पटलं नाही. मी ते लेखात लिहिलं, आणि आयोजकांनी एक शब्दही बदलायला सांगितला नाही. ज्या समुद्रासाठी तिथल्या लोकांनी हाताने तेल उपसलं, त्या समुद्राचं कौतुक करताना त्या हातांना वगळणं मला जमलं नसतं.

वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. ल मोर्नजवळच्या समुद्रात ‘पाण्याखालचा धबधबा’ दिसतो, त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. तिथे खरा धबधबा नाही. उथळ तळाच्या कडेवरून वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे घसरत जातो आणि वरून पाहिलं की पाणीच कोसळतंय असा भास होतो. वरून म्हणजे हवेतून. किनाऱ्यावरून किंवा बोटीतून तो भास होत नाही. आमच्या सहलीत हेलिकॉप्टर नव्हतं, पण प्रसिद्धीसाठी पाठवलेल्या ओळींमध्ये ‘ल मोर्नच्या किनाऱ्यावर पाण्याखालचा धबधबा अनुभवा’ अशी ओळ होती, आणि सोबत वापरायला तयार फोटो. काहींनी ती तशीच टाकली. मी कळवलं की मी ही ओळ वापरणार नाही, कारण माझी वाचक आईला घेऊन त्या किनाऱ्यावर जाईल, पाण्याकडे बघत उभी राहील आणि तिला काहीच दिसणार नाही. दोन दिवस ईमेल चालले. करारातलं ‘मताला हात लावायचा नाही’ हे वाक्य कामी आलं, पण त्याहून जास्त उपयोग झाला तो मी दिलेल्या पर्यायाचा. ‘हे दृश्य फक्त हवेतूनच दिसतं, किनाऱ्यावर आलात तर डोंगराकडे पाहा’ असं मी लिहिलं आणि पुढे त्या डोंगराची गोष्ट सांगितली. गुलामगिरीतून पळालेली माणसं या कातळाच्या कपारींत आसरा घेऊन राहिली. २००८ मध्ये युनेस्कोने ल मोर्नला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते त्या स्मृतीसाठी. आयोजकांच्या बाईंचं उत्तर आलं, ‘हे जास्त चांगलं आहे.’ नवीन लोकांना मी सांगते, नकार द्यायचा तर सोबत काहीतरी चांगलं द्या.

मोकळे तास मी करारात लिहून घेतले होते, ते पाचव्या दिवशी दुपारी मिळाले. साडेतीन तास. बाकीचे पोहायला गेले. मी ड्रायव्हरला विचारलं, तो त्या दुपारी काय करणार आहे. नावांचे उच्चार शिकवताना त्याने आधीच एक गोष्ट सांगितली होती, की त्याच्या घरचे मराठी आहेत. आपल्याकडून गेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांत मराठी माणसंही होती, त्यांची कुटुंबं आजही तिथे मराठी म्हणून ओळखली जातात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं, आणि त्याच्या घराच्या ओसरीवर त्याच्या आजीसमोर बसणं वेगळं. आजींना मराठी बोलता येत नाही, घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, चालते. पण आरती पाठ आहे. त्यांनी ती म्हणून दाखवली, चाल जरा वेगळी, शब्द ओळखीचे. एका शब्दाचा अर्थ त्यांनी मला विचारला. लहानपणापासून म्हणत आल्या होत्या, पण अर्थ सांगणारं कोणी राहिलं नव्हतं. मी सांगितला. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. मी तिथे एकही फोटो काढला नाही, आणि आजींचं नाव लेखात दिलं नाही, कारण त्या मला घरी आलेली मुलगी म्हणून भेटल्या होत्या. त्या भेटीबद्दल लिहायला चालेल का, हे मात्र निघताना नातवाकडून विचारून घेतलं. पाच लेखांपैकी सर्वाधिक वाचला गेलेला लेख तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं मजुरीच्या करारावर या बेटावर आली, आणि त्यातली बहुतेक या घाटावरून आत गेली. १८४९ मध्ये उभारलेल्या त्या वास्तूचा आता थोडाच भाग शिल्लक आहे. बोटीतून उतरलेला माणूस ज्या दगडी पायऱ्यांवर पहिलं पाऊल ठेवायचा, त्या आहेत. आदल्या दिवशीची आरती कानात होती. मी तिथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. बस निघायची वेळ झाली म्हणून हाक आली तेव्हा भान आलं.

परतल्यावरचं काम सहलीपेक्षा दुप्पट असतं, हे गृहीत धरा. मी रोज रात्री झोपण्याआधी वहीत दहा ओळी लिहायचे. कुठे किती मॉरिशियन रुपये लागले, किती वाजता ऊन कुठून येतं, दालपुरीच्या गाडीवर ती जोडीनेच का देतात, लॅगूनमध्ये, म्हणजे प्रवाळकड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, काटेरी सी-अर्चिन असतात म्हणून पायात बूट घालूनच उतरा, असल्या गोष्टी. लेख लिहायला बसल्यावर फोटोंपेक्षा याच ओळी उपयोगी पडल्या. प्रत्येक लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘ही सहल आमंत्रणावरून झाली, प्रवास व मुक्कामाचा खर्च आयोजकांनी केला’ असं लिहिलं. तळाशी बारीक अक्षरात ही ओळ टाकू नका. वाचकाला ती आधी कळली पाहिजे, म्हणजे पुढचं कौतुक किती जमेला धरायचं ते तो ठरवेल. आयोजकांच्या संकेतस्थळाला लिंक देताना ती ‘स्पॉन्सर्ड’ म्हणून नोंदवा. गूगलने २०१९ पासून त्यासाठी वेगळी खूण दिली आहे. मुदत पाळा. आमच्या नवांपैकी कोणाकोणाचे सगळे लेख वेळेत आले, हे मला नंतर कळलं, आणि पुढच्या वेळी कोणाला बोलावणं गेलं तेही. दोन्ही याद्यांत फारसा फरक नव्हता. तीस आणि नव्वद दिवसांनी वाचकसंख्येचा छोटा अहवाल पाठवा, कोणी मागितला नसेल तरी.

पहिला लेख ड्रायव्हरला पाठवला. त्याला मराठी वाचता येत नाही, पण त्याच्या मुलीला शाळेत मराठी आहे. तिने आजींना वाचून दाखवला असं त्याने कळवलं.

आईने पाचही लेख एका बैठकीत वाचले. चष्मा काढून ती म्हणाली, ‘बागेतल्या बाकांचं अंतर दिलंस, विवराच्या काठाची चढण दिलीस. त्या घाटाच्या पायऱ्या किती, ते कुठंय?’ मी वही उघडली. त्या पानावर आकडा नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदाच मी मोजायचं विसरले होते. त्या रात्री लेखात, नेहमी जिथे आकडा असतो तिथे, एक ओळ घातली आणि तारीख टाकली. ती अजून तशीच आहे: ‘या पायऱ्या मोजलेल्या नाहीत.’